सहायक व्यवस्थापक, घडी विभाग

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
ठरलं. बॉयलरचा सूड घ्यायचा. आजपासून रोज फक्त पाच ओळी लिहिणार. पुढेमागे पुरावा म्हणून कामाला येतील. वही कुणाला दाखवणार नाही.

कारण पेपरात आहे. एक एप्रिलपासून नवा कायदा. किमान वेतन वाढलं. जादा तासांना दुप्पट दर. आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या किंवा घरच्यांच्या आजारपणासाठी वर्षाला बारा दिवस भरपगारी रजा. ती मागायची नाही, नुसती कळवायची! जावई म्हणतो, जगभर हेच वारं आहे. कुठे आठवड्याला चारच दिवस काम, कुठे बाळ झालं की बापालाही सुट्टी. त्याने मोबाईलवर सतरा बातम्या पाठवल्या. सोळा वाचल्या नाहीत, पण पटल्या.

बॉयलर म्हणजे आमच्या लाँड्रीचा मॅनेजर. चिडला की आधी नाकातून शिट्टी सोडतो, मग फुटतो. तीन वर्षांपूर्वी हिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी दोन दिवस रजा मागितली. म्हणाला, तुम्हीच गेलात तर घडी विभाग कोण बघणार? मला ते खरं वाटलं. ही डोळ्याला पट्टी बांधून एकटी बसने घरी आली आणि दोन स्टॉप पुढे उतरली. तेवढं अंतर पिशवी घेऊन, भिंतीला हात लावत चालत आली. हे मी विसरलेलो नाही. हीसुद्धा विसरलेली नाही, पण ती बोलत नाही, म्हणून जास्त लागतं.

उजव्या डोळ्याची तारीख १७ एप्रिल. त्या दिवशी मी हिच्या शेजारी असेन, माझा पगार चालू असेल आणि लाँड्री बंद पडलेली असेल.

(पाचपेक्षा जास्त ओळी झाल्या. उद्यापासून पक्कं.)

५ मार्च, बुधवार
काल लिहिलं नाही. विचार करत होतो.

लाँड्री माझ्यावाचून बंद का पडेल, ते नोंदवून ठेवतो. हॉस्पिटलची चादर आठ घड्यांची. नर्सने एक टोक ओढलं की सगळी उघडली पाहिजे. हॉटेलची चार घड्यांची. हे गणित फक्त माझ्या डोक्यात आहे. मी टेबलाच्या टोकाशी उभा राहून दिवसभर ‘कोपरा! कोपरा!’ ओरडतो, तेव्हा कुठे सतरा जणांचे हात नीट चालतात. मी नसेन तर दोन तासांत चादरींचा डोंगर छताला लागेल. तिसऱ्या तासाला हॉस्पिटलचे फोन. चौथ्या तासाला बॉयलर माझ्या दारात, नाक घासत. मी दार लगेच उघडणार नाही.

आमच्याकडे बावीस वर्षं घड्या घालणाऱ्या मावशी आहेत. त्यांना माझं बिनसलं की न सांगता कळतं. मी गेलो तर त्या हातपाय गाळतील. त्यांच्याबद्दल थोडं वाईट वाटतं. पण लढाई म्हटली की चार निरपराध माणसं भरडली जायचीच.

९ मार्च, रविवार
पाटी पुसली. ‘सहायक व्यवस्थापक, घडी विभाग’. पितळी. चार वर्षांपूर्वी बॉयलरने विचारलं होतं, पगारवाढ हवी की पद? मी एका झटक्यात पद म्हणालो. त्याच्या तोंडचं पाणी पळालं असणार, कारण तो खूप वेळ हसत होता. पाटी मी स्वतःच्या खर्चाने करून घेतली. व्हिजिटिंग कार्डंही, दोनशे. अजून एकशे त्र्याण्णव शिल्लक आहेत. कार्ड ऊठसूट कुणालाही द्यायचं नसतं.

१ एप्रिल, मंगळवार. दुपारी १.१५
फलकावर वाढीव पगाराची यादी लागली. मावशींना आता माझ्यापेक्षा जास्त मिळणार. माझं नाव यादीत नाही. मागची बाजूही बघितली.

व्यवस्थापकांची यादी वेगळी असणार. आम्हाला बंद पाकिटातून देतील. तसाच रिवाज असावा.

२ एप्रिल, बुधवार
पाकीट नाही. यादी नाही. रजाही नाही.

रजेचा कागद घेऊन बॉयलरकडे गेलो. ‘कळवत आहे’ या शब्दाखाली रेघ मारली होती. तो गोड हसला. म्हणाला, कायदा कामगारांसाठी आहे, व्यवस्थापकांना लागू नाही. तुम्ही कामगार असतात तर मी आनंदाने रजा दिली असती. मग माझ्या पाटीचंच उदाहरण दिलं. वर म्हणाला, छान चकाकतेय हो.

तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन इतक्या जोरात ‘कोपरा!’ ओरडलो की घसा बसला. कुणी वर बघितलं नाही. सगळे नव्या पगाराबद्दल बोलत होते.

आता दया नाही. या माणसाला कोर्टाची पायरी चढवीन तेव्हाच गप्प बसेन.

३ एप्रिल, गुरुवार
आज लाँड्रीत टेबलाखाली बसून कामगार कार्यालयाला निनावी तक्रार लिहिली. असा कागद त्या कार्यालयाने जन्मात पाहिला नसेल. घडी विभागातले अकरा गुन्हे. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, पण घंटा बावीस मिनिटांनीच वाजते. पाच मिनिटं उशीर झाला तर अर्धा तास कापतात. जादा तास हजेरीपुस्तकात चढवतच नाहीत. कुणी खुर्चीवर बसलं तर खुर्ची उचलून नेतात. अशी एकेक. तारीख, वेळ, सगळं बिनचूक. इतकी बारीक माहिती माझ्याशिवाय कुणाकडेच नाही.

शेवटी ‘एक पीडित’ लिहिलं. पदनाम लिहायचा मोह आवरला.

हिला सांगितलं की बॉयलर संपला. तिने विचारलं, सतरा तारखेचं काय? म्हटलं, त्यासाठीच तर चाललंय सगळं.

१० एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ५.३०
शांतपणे लिहितो.

सकाळी कामगार निरीक्षक आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, हातात माझी तक्रार. बॉयलर पांढराफटक. बघून डोळे निवले. त्यांनी विचारलं, घडी विभागाची जबाबदारी कुणाची? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी पुढे झालो आणि कार्ड दिलं. (शिल्लक एकशे ब्याण्णव.)

त्यांनी कार्ड वाचलं, मग तक्रार वाचली. जेवणाची घंटा कोण वाजवतं? मी. हजेरीपुस्तकातलं अक्षर कुणाचं? माझं. खुर्ची कोण उचलून नेतं? मी काही बोलण्याआधी मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

हुकूम बॉयलरचे होते, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, लेखी आहेत का? नाहीत. तो नुसती शिट्टी सोडतो, मी समजून घेतो.

नोटीस निघाली. अकराच्या अकरा गुन्हे, माझ्या नावावर, पदासकट. पदनामात चूक नव्हती.

जाताना बाईंनी मला बाजूला घेतलं. आवाजावरून त्यांना माझी कीव आली असावी. म्हणाल्या, कायदा पाटी बघत नाही, काम बघतो. तुमच्या हातात खरे अधिकार नसतील, तर तुम्ही कामगारच. मग पगारवाढ तुमची, रजा तुमची, आणि नोटीस ज्याच्या हातात अधिकार त्याची. फक्त तसं स्वतःच्या अक्षरात लिहून द्या. दोन साक्षीदार आणा. मंगळवारपर्यंत.

म्हणजे मी स्वतः लिहून द्यायचं की मी कुणीच नाही! मेलो तरी नाही.

११ एप्रिल, शुक्रवार
हिला सगळं सांगितलं. म्हणाली, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, मी जाईन एकटी. सवय आहे. या वेळी डावा डोळा उघडा असेल, स्टॉप दिसेल.

जेवलो नाही. थोडंसं जेवलो.

१३ एप्रिल, रविवार
पहिला मसुदा: ‘माझे अधिकार अमर्याद नाहीत.’ फाडला.
दुसरा: ‘माझे अधिकार मी सहसा वापरत नाही.’ फाडला.
तिसरा हिने सांगितला, मी लिहून घेतला. दीड ओळीचा आहे. वाचवत नाही.

एक भीती आहे. बॉयलर बाईंना सांगेल की यांना सगळे अधिकार होते, यांनीच सगळं केलं. तेवढं एक वाक्य बोलला की तो सुटला आणि मी अडकलो.

आणि साक्षीदार? माझ्याविरुद्ध बोलायला कोण धजावेल? माणसं मला मानतात.

१५ एप्रिल, मंगळवार
दोन साक्षीदार पुरे होते. सतरा आले. रांग लागली. प्रेसवरचा माणूस मशीन बंद करून आला, त्याचा तर विभागही वेगळा.

बाईंनी विचारलं, हे दिवसभर काय करतात? मावशी म्हणाल्या, ते ‘कोपरा’ म्हणतात. मग तुम्ही काय करता? आम्ही घड्या घालतो. ते ‘कोपरा’ म्हणाले नाहीत तर? तरी घालतो. त्यांचं आपलं चालू असतं, बिचाऱ्यांचं.

‘बिचाऱ्यांचं’ हे बाईंनी लिहून घेतलं नाही. आभारी आहे.

मग बॉयलरला विचारलं, यांना अधिकार होते का? ‘हो’ म्हणायचं, बस्स. त्याने माझ्याकडे बघितलं. शिट्टी आली. मी डोळे मिटले. आणि तो फुटला. याला अधिकार? या माणसाला? याला मी कपाटाची किल्ली देत नाही! माझ्या परवानगीशिवाय इथे साबणाची वडी हलत नाही, लिहा!

बाईंनी लिहिलं. खाली त्याची सही घेतली. नोटीस त्याच्या नावावर झाली. माझा पगार वाढला. रजा मंजूर, उद्यापासूनच.

म्हणजे सूड पुरा झाला. बॉयलर स्वतःच्या तोंडाने गेला. मी जिंकलो. हे पुन्हा एकदा लिहितो. मी जिंकलो.

पाटी काढताना स्क्रू निघेना. सगळ्यांनी मदत केली.

१६ एप्रिल, बुधवार
रजेचा पहिला दिवस. हिच्या तपासण्या. फोन नाही. पहिल्या दिवशी धक्क्यात असतील.

१७ एप्रिल, गुरुवार. हॉस्पिटल
९.१० हिला आत नेलं. जाताना माझा हात दाबला. फोन पूर्ण चार्ज आहे.
१०.०० डोंगर खांद्यापर्यंत आला असेल.
११.०० छताला.
११.४० हिच्या फोनवरून माझा फोन लावून बघितला. वाजतो.
१२.१५ ऑपरेशन छान झालं, असं डॉक्टर म्हणाले. हिला कॉटवर आणायच्या आधी नर्सने नवी चादर काढली. आमच्याच लाँड्रीची, कालच्या तारखेचा शिक्का. म्हणजे माझ्याविना घडी घातलेली. मी उभाच राहिलो. नर्सने एक टोक ओढलं. चादर एका दमात उघडली. चारही कोपरे मी स्वतः तपासले.

कोपरे जुळत होते.

१.०० हिने विचारलं, लाँड्रीतून फोन आला का? म्हटलं, दोनदा आला, पण मी रजेवर आहे असं ठणकावून सांगितलं. पट्टीखाली ही हसली. म्हणाली, तिसऱ्यांदा आला तर उचलू नका.

संध्याकाळी ६.००, घरी
बसमध्ये मी हिच्या शेजारीच बसलो होतो. पिशवी माझ्याकडे, हिचा हात माझ्या हातात. दुसऱ्या हातात फोन. लक्ष फोनकडे. दोन स्टॉप पुढे उतरलो.

रस्ता हिला माहीत होता.