पायपेटीच्या आड

३ मार्च, सोमवार

काचेच्या कारखान्यातला संप अजून चालूच! नवरोबा फाटकाबाहेर घोषणा देतात. माझा दादा तिथेच फिटर; तो मागच्या दाराने आत जाऊन काम करतो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी — भांडी घासत.

नवरोबा म्हणाले, "फिटर कसला, फितूर! त्याच्याशी बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस." क्षणभर मोह झाला. घर किती शांत होईल!

पण खरं सांगायचं तर मलाही दादाचा रागच आलाय. सगळे रस्त्यावर आणि हा एकटा आत. लाज कशी वाटत नाही?

५ मार्च, बुधवार

प्रार्थना केली — देवा, मनाला शांती दे. जरा लवकर दे. भर वादळात नाव बुडायला आली तरी येशू उशीवर डोकं ठेवून झोपला होता. माझ्याकडे चांगली मऊ उशी आहे, झोपेचा मात्र पत्ता नाही!

९ मार्च, रविवार

आज माझी फजिती झाली.

चर्चच्या उपासनेत सगळे उठून एकमेकांशी हात मिळवतात, "शांती असो" म्हणतात. मी तेव्हा पायपेटी वाजवत असते, त्यामुळे माझी सुटका. संप सुरू झाल्यापासून ते गीत मी चांगलंच ताणते. पहिलं कडवं, दुसरं, पुन्हा पहिलं! दादा आपला वाट बघून बाकावर परत जातो.

आज ऐन तेव्हाच पेडलचा पट्टा तुटला. फुस्स — भात्यातली हवा गेली. सगळं चिडीचूप. आणि दादा समोर, हात पुढे. "शांती असो, चिमे."

मी खाली वाकले. पट्टा शोधायचं नाटक! पेटीखालून त्याचे बूट दिसत होते. बराच वेळ तिथेच होते. मग गेले.

पाळकसाहेब नंतर म्हणाले, "सापडला का पट्टा?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० मार्च, सोमवार

नवरोबांना सांगितलं. वाटलं, खूश होतील. तर म्हणतात, "हात तरी द्यायचास!"

"तुम्हीच म्हणालात ना, बोलू नकोस?"

"बोलू नकोस म्हणालो. हाताचं कुठे काय म्हणालो?"

आता घ्या! या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं.

१३ मार्च, गुरुवार

दुपारी चर्चमध्ये गेले. म्हटलं, एकटीने बसावं, देवाशी थोडं भांडावं. बघते तर पायपेटीखालून दोन पाय बाहेर! तेच बूट.

"पक्कड दे," दादा आतूनच म्हणाला. कालच भेटल्यासारखा! मुकाट्याने दिली.

मग विचारलंच — का जातोस रे आत?

"भट्टी विझली की चिरते, चिमे. मग कारखाना उठलाच म्हणून समज. संप मिटल्यावर या लोकांना परत जायला जागा नको? माल काढत नाही मी. नुसती भट्टी जागती ठेवतो."

"मग हे आधी नाही का सांगायचं!"

"सांगणार कधी? तू या पेटीआडून बाहेर येशील तेव्हा ना!"

रडू फुटलं. अगदी हुंदके देऊन रडले. त्याने काळ्याकुट्ट हाताने माझं डोकं थोपटलं, केसांना सगळं वंगण! देवाकडे शांती मागत बसले होते, आणि तो ती दर रविवारी दादाच्या हाती पाठवत होता. मीच घेत नव्हते. संप तसाच आहे, नवरोबांचा पाराही तसाच. तरी आज आत कसं निवांत वाटतंय. प्रभू, तुझे उपकार.

१४ मार्च, शुक्रवार

वंगण निघत नाही!

१६ मार्च, रविवार

शांतीच्या वेळी एक सूरही वाजवला नाही. उठले, थेट पहिल्या बाकाशी गेले, दादाचा हात दोन्ही हातांत घेतला. बोलणार होते बरंच. नुसतं "शांती असो" निघालं. पाळकसाहेब मिश्कील — "आज गीत फारच आवरतं घेतलंत!"

जेवून ढाराढूर झोपले.

१८ मार्च, मंगळवार

मालकांनी भट्टी विझवली. कारखाना कायमचा बंद. आतले-बाहेरचे सगळे एकाच फुटपाथवर. नवरोबा दादाचा हात धरूनच घरी आले. दादा बसल्या बसल्या झोपला. नवरोबांनी हळूच त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली. माझी.