बेकरीसमोर एकसष्ट वेळा

ति. लोरेनाताईस,

धाकट्या एमेटचा (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकून) नमस्कार. तुझा रक्तदाब, ओटिसभावजींचा मधुमेह आणि तुमच्या मांजराचा स्वभाव आटोक्यात असेल अशी आशा आहे. इथे बर्फ वितळून गावभर चिखल झालाय, आणि त्या चिखलात मी चार दिवसांत एकसष्ट वेळा पडलो. त्यातल्या साठ वेळा ठरवून.

झालं असं, की गावात सिनेमावाले आले. गोष्ट एका तिरसट माणसाची आहे. त्याला रोज उठल्यावर तीच सकाळ भेटते, आणि तो पुरता सुधारेपर्यंत ती काही त्याला सोडत नाही. आता त्याची सकाळ तीच, म्हणजे रस्त्यावरचे आम्हीही तेच. माझ्या वाट्याला आलं बेकरीतून केकचं खोकं घेऊन निघणं आणि घसरणं. मला उचलायचं काम कुणाला दिलं असेल? व्हर्जिलला! हो, तोच माझा लंगोटीयार, जो अकरा वर्षांपूर्वी लग्नाच्या दिवशी तुला चर्चमध्ये पांढऱ्या झग्यात उभी ठेवून ओहायोला मावशीकडे पळाला आणि तुझी पाठ वळताच गुपचूप परतला. तेव्हापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. (शेजारी राहून हे किती कठीण असतं! गल्लीत शिडी त्याच्या एकट्याकडे, म्हणून माझ्या छपराची पन्हळ अकरा वर्षं तुंबलेली आहे.)

नायकाच्या मागे वावरणाऱ्या आम्हा माणसांना हुकूम होता, आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे. ताई, असली संधी पुन्हा येत नाही. तो मला उचलायचा आणि मी हसऱ्या चेहऱ्याने त्याला बिनआवाजी शिव्या घालायचो. पहिल्या दिवशी आजोबांनी कोळशाच्या खाणीतून शिकून आणलेल्या सगळ्या संपल्या. दुसऱ्या दिवशी मी स्वतः रचल्या. पण माणूस किती पुरवणार? चौतिसाव्या खेपेला काही सुचेना, तेव्हा मी "गुडघा दुखतोय रे" असे ओठ हलवले. पुढच्या खेपेला त्याने सावकाश गुडघ्याखाली हात घातला. दिग्दर्शक खेकसला, "ओ काका, मघाशी खांदा धरला होतात! तस्संच करा की!"

"मघाशी त्याचा गुडघा दुखतोय हे मला ठाऊक नव्हतं," व्हर्जिल म्हणाला.

लाज वाटते सांगायला, पण त्याचा आवाज ऐकून मला फार बरं वाटलं. (तिकडे नायकाने साठही वेळा कॉफी गार आहे म्हणून ती आणणाऱ्या पोरींवर आरडाओरडा केला. त्याच्यात काडीची सुधारणा नाही.)

शेवटच्या दिवशी कॅमेरे गाडीत चढले, मी घरी निघालो आणि खराखुरा घसरलो. कुणी सांगितलेलं नसताना व्हर्जिल धावत आला. मला उभा करून म्हणाला, "लोरेना बरी आहे ना रे?" मी म्हटलं, "बरी आहे."

तुझा आज्ञाधारक भाऊ,
एमेट

ता. क. : तू दोन वर्षांत ओटिसभावजींशी लग्न करून सुखी झालीस, वैर तेवढं माझ्याकडे सांभाळायला ठेवून गेलीस. तुझा राग अजून असेल तर मी ते पुढेही सांभाळीन, तुझ्यासाठी एवढं करीनच. पण नसेल, तर तसं लिही. मला माझा मित्र परत हवा आहे.

आणखी एक ता. क. : नीट विचार करून उत्तर दे, घाई मुळीच नाही. फक्त नकार असेल तर शनिवारनंतर पोचेल अशा बेताने टाक. शनिवारी आम्ही मासे धरायला चाललोय.