पश्चिमेकडचा उतार

९ एप्रिल
मोहनच्या गाडीला पुन्हा ओरखडा. या वेळी मागचा दरवाजा. गल्ली अरुंद, दोन्हीकडून ऑटो, गाडी रस्त्यात उभी, व्हायचेच. मोहन ऑफिसातून आला, गाडीभोवती तीनदा फिरला, मग जेवला नाही. सून कविता म्हणाली, "आई, पुढं एवढी जागा रिकामीच तर आहे."
रिकामी म्हणजे पारिजातक, जास्वंद, कढीलिंब, कनकांबराचे दोन वाफे, तुळस.
घर मीच मो.च्या नावावर करून दिले आहे.

१४ एप्रिल
तमिळ वर्षारंभ. विशालम उजाडताच परडी घेऊन आली. मधल्या भिंतीपलीकडे एकटीच राहते, पश्चिमेला. आम्ही दोघी विधवा, दोघींचे गुडघे गेलेले. तीस वर्षे आमची फुले तीच वेचते, तीच ओवते. अर्धा गजरा मला, अर्धा कोपऱ्यावरच्या गणपतीला.
सांगितले, मोहन बाग काढायचे म्हणतो. तिची बोटे थांबली नाहीत. म्हणाली, "टीचर, शाळेत साठ पोरींना गप्प बसवायचात. घरात एकाला नाही जमत?"
हसले. पण लागले.

२६ एप्रिल
मोहनशी बोलायचा प्रयत्न. तो चिडत नाही, हेच कठीण. शांतपणे एकेक सांगतो: गाडीचे हप्ते, डास, गेल्या वर्षी न्हाणीघरात निघालेला साप, कविताला रोज तिरुवैयारूला शाळेत नोकरीवर सोडणे. "आई, समोरच्यांनी केलं, कोपऱ्यावरच्यांनी केलं. आपणच राहिलोय." शेवटी म्हणाला, "तू नको म्हणालीस तर नाही करणार."
मी नको म्हटले नाही.

२ मे
मुरुगेसन मेस्त्री येऊन माप घेऊन गेला. दर खेपेस डांबरावर डांबर घालून रस्ता चढला, आमचे अंगण आता त्याच्याहून दोन वीत खाली. भर घालून रस्त्याच्या पातळीला आणावे लागेल. मग विचारले, "पाण्याला उतार कोठे देऊ? रस्त्याला नाही देता येत. पूर्वेला दिला तर तुमच्याच भिंतीत मुरेल. पश्चिमेला देतो, भिंतीत भोक आहेच. त्या अम्मांच्या अंगणात माती आहे, पिऊन टाकील."
मो.ने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "बरं."
एवढेच. विशालमला आधी विचारायला हवे. उद्या विचारते.

३ मे
विचारले नाही. तिची लेक सेल्वी ओरत्तनाडूहून आली होती, दोघी तांदळाचे वडाम, पापडासारखे, वाळत घालीत होत्या. लेकीसमोर कसे काढायचे हा विषय.

६ मे
आज झाडे काढली. दोन माणसे, आठला आली, अकराला काम संपले. पारिजातक ह्यांनी लावलेला, बदलीहून परत आले त्या वर्षी. मला वाटले होते मुळे खोल असतील. नव्हती. दोघांनी हलवले आणि एका बाजूला कलला.
विशालम कनकांबराची चार रोपे बादलीत घालून घेऊन गेली.
उताराचे विचारणे आजही राहिले.

१३ मे
काँक्रीट झाले. गोणपाटे टाकून दिवसातून चार वेळा पाणी मारतात. पाणी पश्चिमेलाच जाते, पाहिले. बारीक धार, भोकातून पलीकडे. मेस्त्री कामात पक्का आहे.

२९ मे
गाडी आत. मो. पहिल्याच फटक्यात आत घेऊ शकला, खूश. कविताने लिंबे ठेवली चाकाखाली. मुलगा खूश आहे ते पाहून मलाही बरे वाटले, खोटे कशाला लिहू. येथे तरी खोटे लिहायचे कारण नाही. या घरात ही मराठी अक्षरे माझ्याखेरीज कोणाला वाचता येत नाहीत.

११ जून
दुपारी पुढचे दार उघडता येत नाही. सिमेंटवरून झळ थेट हॉलमध्ये. पंख्याखालीही घाम. सकाळी दारापुढे पिठाच्या रांगोळीचा कोलम काढायला बसले तर सहा वाजताच फरशी कोमट. तीन ओळींचा काढून उठले.
विशालम आता बाजारातून फुले घेते, मोजकी. पूर्वी परडी रिकामी करायला यायची तेव्हा तास तास बसायची. आता भिंतीवरून बोलते. येण्याचे निमित्तच उरले नाही.

३ ऑगस्ट
गल्लीत आता सात घरांचे अंगण सिमेंटचे. पूर्वेच्या शेजाऱ्यांनी आंब्याचे झाड काढले, दोन मोटारसायकली उभ्या करायला. मेस्त्रीचे काम आमच्याकडे पाहून ठरवले म्हणे. "तुमच्यासारखंच करून द्या" असे सांगितले त्याला.

१९ ऑक्टोबर
ऐप्पसी महिन्याचा पाऊस लागला. पूर्वी कितीही पडो, संध्याकाळपर्यंत माती सगळे पोटात घ्यायची. आज अर्ध्या तासात सिमेंटवर पाणी उभे, मग सगळे एकदम भोकाकडे. भोकाशी आवाज येतो, मोरीत येतो तसा. आमचे अंगण दहा मिनिटांत कोरडे. मो. म्हणाला, "बघ, किती स्वच्छ."
मी भिंतीवरून डोकावले. विशालमच्या अंगणात घोट्याएवढे. ती पायरीवर उभी राहून पाहत होती. मला पाहिले. "मोठा पाऊस, टीचर," एवढे म्हणाली.
तेव्हाच बोलायचे होते.

१२ नोव्हेंबर
तीन दिवस सलग. आज तिच्या हॉलमध्ये पाणी. कविता आणि मी जाऊन तांदळाचा डबा, ट्रंक, गादी वर उचलली. मो.ने बादल्यांनी उपसले, पाठ दुखेपर्यंत. चांगला मुलगा आहे. विशालम पुन्हा पुन्हा म्हणत होती, "या घरात बत्तीस वर्षांत पाणी शिरलं नव्हतं." कोणाकडे पाहून नाही. भिंतीकडे पाहून.
भोक बंद करावे म्हटले मो.ला. "मग पाणी आपल्या घरात येईल, आई. पाऊस थांबू दे, काहीतरी करू."

१३ नोव्हेंबर
सकाळी सहाला हाक ऐकू आली. "टीचर," दोनदा. ओल्या लादीवर पडली होती, देवाचा दिवा लावायला निघालेली. एक पाय विचित्र वळलेला. मला म्हणाली, "साडी नीट करा आधी, मग कोणाला बोलवा."
मो.ने गाडी काढली. त्याच गाडीतून नेली.
खुब्याचे हाड.

१६ नोव्हेंबर
ऑपरेशन झाले. सेल्वी आली आहे. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझा हात धरून रडली. "तुम्ही होतात म्हणून, आंटी. नाहीतर अम्मा तशीच पडून राहिली असती."
मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. त्या हाताची मला आता लाज…

२ डिसेंबर
दोन दिवसांपूर्वी हॉस्पिटलातून घरी आणलेल्या विशालमला सेल्वी ओरत्तनाडूला घेऊन गेली. ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरेना; दोन्ही बाजूंना गाड्या, ज्यांना आत जागा झाली त्यांनी दुसऱ्या घेतल्या आहेत. स्ट्रेचर कोपऱ्यापर्यंत उचलून न्यावे लागले. तिने डोळे मिटून घेतले होते.
तिच्या अंगणातले पाणी अजून उतरलेले नाही. कनकांबराची रोपे कुजली.

१० डिसेंबर
झोप नाही, जेवण उतरत नाही. कविता म्हणते बी.पी. पाहू या. बी.पी.चा काय दोष.
पस्तीस वर्षे शिकवले की पाणी उंचावरून सखल जागी जाते. सहावीच्या मुलीलाही विचारले असते तर तिने सांगितले असते.

१८ डिसेंबर
गुरुवार. बसने ओरत्तनाडू. दोन्ही बाजूंना भाताची शेते, पाणी भरलेले, कोणाला अडचण नाही.
पुढच्या खोलीत खाट. विशालम अर्धी झाली आहे. केस कापलेत, विंचरायला सोपे म्हणून. सेल्वी कॉफी करायला आत गेली तेव्हा मी सांगितले. सगळे. मेस्त्रीने विचारले, मी बरं म्हटले, तुम्हाला विचारले नाही.
ती छताकडे पाहत होती. मग म्हणाली, "मला माहीत आहे. मेस्त्री दोरी धरून उतार बघत होता तेव्हा मी खिडकीत बसले होते."
"मग तुम्ही का बोलला नाहीत?"
"तुम्ही येऊन सांगाल म्हणून थांबले. मे महिन्यापासून थांबले, टीचर."
सेल्वी कॉफी घेऊन आली. विशालम तिला म्हणाली, "टीचरना साखर कमी." मला अजूनही तिच्याकडून काही ऐकायचे होते, शिवी तरी. ती सेल्वीच्या मुलाच्या परीक्षेबद्दल बोलत राहिली.
निघताना म्हटले, दर गुरुवारी येईन. ती "या" म्हणाली. नको म्हणाली नाही, हे येथे लिहून ठेवते.

२१ डिसेंबर
मो.ला सांगितले: पश्चिमेच्या भिंतीलगत एक हात रुंद पट्टा फोडायचा, पाणी तेथेच मुरायला; भोक बंद करायचे.
"आई, गल्लीत सगळ्यांनीच केलंय. सगळं पाणी आपलंच होतं का?"
"नव्हतं. आपलंही होतं."
"पट्टा फोडला तर गाडीचं दार उघडणार नाही."
तो हळूच म्हणाला, "घर माझ्या नावावर आहे, आई." म्हणून झाल्यावर त्याचे त्यालाच कसे वाटले असावे, उठून बाहेर गेला. मी त्याला असा मोठा केलेला नाही. की केला?

८ जानेवारी
आज विशालम उठून बसली, वॉकर धरून चार पावले. मी टाळी वाजवली तर म्हणाली, "नर्सरीत घातलं का मला?" पहिल्यांदा जुनी विशालम. मग विचारले तिने, घर कसे आहे, भिंती वाळल्या का. म्हटले, वाळताहेत. खालून हातभर अजून काळ्या आहेत, ते सांगितले नाही. पुन्हा तेच करते आहे मी.

१२ जानेवारी
मो. दौऱ्यावर चेन्नईला. मी मेस्त्रीला बोलावले. तो म्हणाला, "सारला विचारलंत?" म्हटले, मी विचारीन, तू फोड.
दिवसभर ब्रेकर. भिंतीलगतचा पट्टा निघाला. खाली विटांचे तुकडे, त्याखाली माती, करडी, कडक, एकही गांडूळ नाही. कविता दारात उभी राहून पाहत होती. वाटले, मो.ला फोन करील. तिने फावडे आणून दिले.

१५ जानेवारी
पोंगल. मो. आला, पाहिले. गाडी पुन्हा रस्त्यावर लावली. पोंगलचा गोड भात खाल्ला, पानावरून उठताना म्हणाला, "मला फक्त विचारायचं होतंस."
बरोबर आहे त्याचे.

२१ जानेवारी
सेल्वी दोन माणसांना घेऊन आली. विशालमचे कुलूप उघडले, सगळे पुढच्या अंगणात टेप धरून उभे. मी भिंतीशी गेले. भाड्याने द्यायचे ठरले म्हणे, डॉक्टरांचा खर्च आहे, आणि अम्मा आता एकटी कशी राहणार. भाडेकरू सभ्य आहे, मला नमस्कार करून बोलला. त्यांच्या दोन गाड्या आहेत. "अम्मा, पुढं भर घालून सिमेंट करून घेणार. तुमच्याकडं काम केलेल्या मेस्त्रीचा नंबर मिळेल का?"
शोधून देते म्हटले. फोन हातातच होता.
सेल्वी निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "आंटी, अम्माला अजून सांगितलेलं नाही. ती परत यायचं म्हणूनच व्यायाम करते. तुम्ही आत्ताच काही बोलू नका, प्लीज."
तिचेही चूक नाही.
उद्या गुरुवार. साडेआठची बस. विशालम घराबद्दल विचारीलच.