कवितांनी माझ्यासाठी थांबू नये

मी, खाली सही करणारी, बंद झालेल्या शिवण कारखान्याची मालकीण, जिला सगळी गल्ली कात्रीबाई म्हणून ओळखते, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि पोटभर जेवून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. माझं याआधीचं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. ते का रद्द केलं हे कलम चारमध्ये येईल. वकीलबाईंनी मध्येच उडी मारू नये.

कलम १. माझी मोठी कात्री नातीला द्यावी. अट एकच, तिने त्या कात्रीला कागद दाखवायचा नाही. कापडाच्या कात्रीने कागद कापला की धार गेलीच म्हणून समजा. नातीच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, शाळेत असताना हा पराक्रम केलेला आहे. सबब त्यांचा या कात्रीवर काडीचाही हक्क नाही.

कलम २. काज करायचं मशीन धाकट्या बहिणीला. तिने एकदा माझ्या गिऱ्हाइकांदेखत म्हटलं होतं, "ताई, तुझ्या काजांतून बटणं निसटतात गं." तेव्हापासून आमचा अबोला आहे. आता मशीन तिने न्यावं आणि स्वतः काजं करून बघावीत. मात्र त्याआधी तिचा फोन आला तर मी उचलणार आहे, हेही इथे नमूद करते.

कलम ३. बँकेत जे काही शिल्लक असेल ते मुलाचं. त्यातून त्याने माझ्या स्मरणार्थ काहीही बांधू नये, बागेत बाकसुद्धा नको.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. इथे अक्षर वेडंवाकडं आलं तर ते वयामुळे नाही. आनंदामुळे आहे, त्याला मी काय करू!

आमच्या गल्लीच्या टोकाला दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावर दोन खोल्यांत एक वाचनालय चालायचं. फक्त कवितांचं. त्यात नफा नाही, कुणाला पगार नाही. नियमही एकच. पुस्तक न्यायचं असो की तेच आणखी काही दिवस ठेवायचं असो, आधी त्यातली एक कविता उभं राहून मोठ्याने वाचायची. मगच ग्रंथपालबाई शिक्का मारतात. खाली तोंडाचा आ करून बसलेल्या पेशंटना सगळं ऐकू जायचं. डॉक्टर सांगतात, "एक गृहस्थ दाढ काढून झाली तरी खुर्चीतून उठेनात. हातानेच खुणा करत होते, थांबा, शेवटचं कडवं राहिलंय."

पुस्तकं वाढली. जिन्यात आली, न्हाणीघरात शिरली, आणि शेवटी डॉक्टरांच्या छताला तडा गेला. इंजिनियरने जागा रिकामी करायला सांगितली. तेव्हा मी मोठ्या दिमाखात जाहीर केलं, की माझ्या पश्चात कारखान्याचा तळमजला वाचनालयाचा. मध्ये एक खांब नाही, एका भिंतीला ओळीने खिडक्या, आणि चार बायकांना एका वेळी कापड बेतता येईल असं लांबलचक टेबल. तसं मृत्युपत्र केलं. सगळ्यांनी आभार मानले, पुस्तकं खोक्यांत भरून डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये ठेवली, आणि वाट बघू लागले.

कशाची? माझ्या जाण्याची, दुसरं काय!

ग्रंथपालबाई दर आठवड्याला येऊन विचारायच्या, "तब्येत कशी आहे?" मी म्हणायची, "ठणठणीत." त्या म्हणायच्या, "वा, छान!" आणि लगेच कसनुशा व्हायच्या. बिचाऱ्या मनाने फार चांगल्या, पण करणार काय? गॅरेजमध्ये खोक्यांना ओल लागत होती.

मुलगा म्हणायचा, "आई, तू आहेस तोवर घरात परकी माणसं नकोत. तुला शांतता लागते." मीही तेच म्हणायची. कारखाना बंद झाल्यापासून रोज खाली जाऊन मशीनची कव्हरं झटकायची आणि वर यायची. शांतता होती, नाही असं नाही. पण ते दालन मला खायला उठायचं.

मग ग्रंथपालबाईंनी उत्साहाच्या भरात घोडं पुढे दामटलं. सभासदांची नवी कार्डं छापली, ती थेट माझ्या पत्त्याची. गेल्या आठवड्यात मी खाली कव्हरं झटकत असताना बेल वाजली. दारात प्लंबर, हातात हत्यारांची पिशवी.

मी म्हटलं, "माझे नळ ठीक आहेत."

"नळ नाही हो आजी, पुस्तक बदलायचंय. कार्डावर हाच पत्ता आहे."

"इथे एकही पुस्तक नाही, बाबा."

तो जरा घुटमळला. "मग हेच ठेवतो आणखी थोडे दिवस. वाचू?"

आणि त्याने टेबलाशी उभं राहून विहिरीवरची एक कविता वाचली. मध्येच थांबला. "सॉरी" म्हणाला, नाक पुसलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याचा आवाज पार पलीकडच्या भिंतीपर्यंत जात होता. मी स्टुलावर बसून ढसाढसा रडले आणि म्हटलं, "अजून एक वाच रे."

हे ऐकायला मी नसणार, याची सोय मी स्वतःच करून ठेवली होती! काय म्हणावं या शहाणपणाला?

ग्रंथपालबाईंना फोन केला. "चूक झाली हो, सगळी कार्डं फाडून टाकते," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"फाडाल तर खबरदार!"

सबब, तळमजला या मृत्युपत्राने कुणालाही देण्यात येत नाही. तो कालच रीतसर बक्षीसपत्र करून वाचनालयाला दिला आहे. मुलगा म्हणाला, "आई, दिवसभर वर आवाज येईल तुला." मी म्हटलं, "त्यासाठीच तर दिलाय." त्याने बाह्या वर सरसावल्या. मग म्हणाला, "खोकी उचलायला कोण आहे? मी येतो."

कलम ५. मी राहते तो वरचा मजला मुलाचा. त्याने किंवा पुढे येणाऱ्या कुणीही खालच्यांना आवाज कमी करायला सांगू नये.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी होता होईल तेवढी लांबवावी. मी आजच सभासद झाले आहे.

सही: कात्रीबाई
स्थळ: कारखान्याचं कापड बेतायचं टेबल
दिनांक: खोकी यायच्या आदला दिवस

साक्षीदार:
१. दातांचे डॉक्टर (बाई सही करताना सारख्या हसत होत्या, तरी पूर्ण शुद्धीत होत्या, अशी ग्वाही देतो.)
२. प्लंबर