एक ओळ खाली

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे मजेत. बाबांचा गुडघा बरा आहे. काल स्वतः चालत जाऊन केस कापून आले आणि न्हाव्याला तुझा फोटो दाखवून आले. वर्तमानपत्रातलं ते कात्रण खिशात घेऊनच फिरतात. माझं कुठे काही छापूनच येत नाही, तर ते तरी काय करणार!

परवा तू त्यांना फोनवर रडत म्हणालीस म्हणे, "माझं गणितच चुकलं. शुक्रवारी समितीला सांगते, प्रयोग बंद करा." बाबा जेवले नाहीत. मला म्हणाले, "मधले, तू तिच्याच प्रयोगात आहेस ना? काहीतरी कर की गं!"

प्रयोगात म्हणजे मधल्या खोलीत. दोन क्वांटम संदेश एकाच काचेच्या तारेतून एकदम पाठवायचे, ही हुशारी तुझी. त्यांची नक्कल काढता येत नाही, म्हणून मधे जे मागे उरतं ते मी मोजायचं आणि तो आकडा दोन्ही टोकांना कळवायचा. तो धरून ती टोकं आपापला संदेश दुरुस्त करणार. लहानपणी तरी काय वेगळं होतं? तू आणि धाकटा अबोला धरायचात, आणि "मधले, त्याला सांग" म्हणून जिने मी चढायचे.

ताई, तुझं गणित बरोबर आहे.

पहिल्या दिवशी यंत्र तपासताना घेतलेला एक आकडा मी यादीतून खोडायला विसरले. त्यामुळे पुढचे सगळे एक ओळ खाली सरकले. प्रयोगाच्या प्रत्येक फेरीला आदल्या फेरीचा आकडा लागला आणि टोकांची दुरुस्ती चुकत गेली. दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. पण त्याच दिवशी ते कात्रण घरी आलं, आणि मी मूग गिळून बसले. एकोणीस दिवस. तू रडलीस हे ऐकून, खोटं कशाला बोलू, आधी बरंच वाटलं. मग बाबांचं भरलेलं ताट झाकून ठेवताना माझी मलाच किळस आली.

यादी सोबत आहे. पहिला आकडा खोड, बाकीचे एक ओळ वर घे. टोकांच्या नोंदी तुझ्याकडे आहेतच, नव्याने काही करावं लागणार नाही. समितीला माझी चूक सांग आणि माझं गप्प बसणंही सांग.

तूच बजावलं होतंस, मधल्या खोलीत काही राहून गेलं तर दोन्ही टोकांचं वाटोळं. तुझा हेवा अजून वाटतो. तोही कळवते आहे.

काही शिल्लक न ठेवता,
तुझी मधली