शनिवारचं टेबल

१ नोव्हेंबर, शनि.
वंदनाचा फोन. पुढच्या शनिवारी घरी येतेय, रविवारी दुपारच्या विमानाने परत गुवाहाटी. तिच्या बँकेने विचारलंय, आणखी दोन वर्षं तिथेच मॅनेजर म्हणून राहणार, की मुंबईत बदली हवी? सोमवारी उत्तर द्यायचंय. मला एवढंच म्हणायचंय, परत ये. फोनवर जमत नाही. जेवताना म्हणेन. पण कुठे?

२ नोव्हें.
कुलाब्यातलं ते नावाजलेलं रेस्टॉरंट, की इथे पनवेललाच, खांदा कॉलनीतला हरेशचा छोटासा बिस्त्रो? कुलाब्याबद्दल मी पेपरच्या पुरवणीत दोनदा लिहिलंय, बायकोला एकदाही नेलेलं नाही. हरेशकडे दर शुक्रवारी जायचो. कोपऱ्यातलं टेबल, ती माझ्या ताटातलं उचलायची, मी तिच्या.
मोठं बोलायचं तर मोठी जागा हवी. कुलाबा. ओळख लावून टेबल मिळवलं, शनिवारी संध्याकाळी सात.

४ नोव्हें.
लेख वेळेत दिला. मग हरेशकडे, एकटाच.
"वैनी कवा येनार?"
म्हटलं, शनिवारी, पण कुलाब्याला जेवतोय.
"जावा जावा. आमची आई बिस्त्रोला अजून बिस्तरा म्हनते. गावात सांगते, पोरानं गाद्यांचं दुकान काढलंय."
हसलो. कोपऱ्यातल्या टेबलावर दुसरंच कुणीतरी बसलं होतं.

६ नोव्हें.
वं.ला कुलाब्याचं सांगितलं. हसली. "अरे, शनिवारी संकष्टी! कॅलेंडर उलटत नाहीस का?"
भिंतीवर अजून ऑगस्ट. सणवार, उपास सगळं तिच्याबरोबर घरात यायचं. ती गेल्यापासून मला फक्त लेखाचा वार कळतो.
तिचा उपास चंद्र उगवल्यावर सुटणार. कुलाब्याला फोन करून विचारलं, नऊला आलो तर? "सर, टेबल सातचंच आहे. चंद्राचं आमच्याकडे काही नसतं."
हरेशला विचारलं. "तुमी या तर खरं. चंद्र नाय दिसला, तं आमच्या बायकोलाच गच्चीवर उभी करतो."
कुलाबा रद्द. वाईट वाटायला हवं होतं.

८ नोव्हें., शनि.
वं. आली. बारीक झालीये. केस कापलेत, फोनवर बोलली नव्हती.
बिस्त्रोबाहेर फुटपाथवर उभे राहिलो. समोरच्या बिल्डिंगमागून चंद्र वर आला, तिने हात जोडले. हरेशने बिनकांदा-लसणाचा पास्ता केला होता. सोबत त्याच्या आईने करंजाड्याहून पाठवलेले मोदक.
म्हणालो एकदाचं. "परत ये."
तिने घास संपवला. "तू ये ना तिकडे. लिहायला पनवेलच कशाला लागतं?"
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरी थांबणारा मी आणि येणारी ती, एवढंच धरून चाललो होतो.
"तिकडे संध्याकाळ लवकर होते," ती म्हणाली. "पाचलाच अंधार. मग कुणीतरी हवं असतं रे."
हरेश आला. "अजून एक मोदक?" दोघंही एकदम हो म्हणालो.

९ नोव्हें., रवि.
तिला विमानतळावर सोडून आलो. आत जाता जाता वळली. "उद्या बँकेला काय सांगू?"
"संध्याकाळी फोन करतो."
इतकी वर्षं लेख कधी उशिरा दिला नाही. आता संध्याकाळ आहे. तिकडे केव्हाच अंधार पडला असेल. दोनदा फोन हातात घेतला, काय म्हणायचं ते अजून...
गुवाहाटीत मासे कुठले मिळतात, विचारायचं राहिलं. तिकडून लिहायचं तर ते माहीत हवं.