चारही टायर सारखे

८ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प : चिडायचं नाही. आठवडाभर पाळला. आज मोडला. कारण, गाडी.
नारिनच्या स्टँडवरून टॅक्सी घेऊन राजधानीला, बिश्केकला निघालो. सीट भरलेल्या. घाट सुरू व्हायच्या आधीच डॅशबोर्डवर पिवळा दिवा. टायरचा. शेजारी एक मास्तरीण बसलेली. म्हणे, हे काय हो लागलंय? म्हटलं, बाई, गाडी जपानी, तिला आपली थंडी सोसत नाही. मास्तरीण खिडकीबाहेर बघायला लागली. माणसाला नीट समजावलं की पटतं.

९ जानेवारी
दिवा चालूच. बुरुलने पाहिला. माझ्या बायकोला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण मत प्रत्येक गोष्टीवर. म्हणाली, मीरिमचे बाबा, मागच्या उजव्या चाकात हवा कमी आहे, पंक्चरवाल्याला दाखवा. मी म्हटलं, हवा दिसते होय तुला? म्हणाली, हवा नाही दिसत, बसलेलं चाक दिसतं.
तिच्या समाधानासाठी हवा भरली. दिवा गेला. म्हणजे पंक्चर नाही. उद्यापासून रोज सकाळी चारही चाकं तपासणार. ठरलं म्हणजे ठरलं.

१२ जानेवारी
थंडी फार. चाकं तपासली नाहीत. दिवा पुन्हा लागला.
पॅसेंजरना सगळी व्यवस्था समजावून सांगितली. टायरमध्ये यंत्र-बिंत्र काही नसतं. हवा कमी झाली की चाक किंचित बुटकं होतं. बुटक्या माणसाला जास्त पावलं टाकावी लागतात, तसं बुटक्या चाकाला जास्त फेरे. गाडीतला कॉम्प्युटर चारही चाकांचे फेरे मोजतो. एक चाक इतरांपेक्षा जास्त फिरलं की दिवा लावतो. बस्स. मागून एक म्हातारा म्हणाला, मग दिवा लागलाय म्हणजे एक चाक बुटकं झालंय ना रे? म्हाताऱ्यांना तांत्रिक गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

१६ जानेवारी
आज डोकं चाललं! दोलोनच्या खिंडीत बर्फ असलं की आम्ही सगळेच ड्रायव्हर टायरमधली थोडी हवा सोडतो, पकड चांगली मिळते. असानकुल आके (थोरल्यांना आम्ही आके म्हणतो), आमच्या स्टँडवरचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, त्यांनीच शिकवलेलं. घाट उतरून कोचकोरला आलं की परत भरायची. सोडता सोडता लक्षात आलं, एका चाकात भरत बसण्यापेक्षा बाकीच्या तिघांतली सोडली तर? काडीने व्हॉल्व दाबला, फुस्स, फुस्स, फुस्स. चारही सारखे. मग स्टिअरिंगखालचं बटण दाबून धरलं की गाडी समजते, हेच योग्य. दिवा गेला.
कोचकोरला भरायची राहिली. पॅसेंजर घाईत होते.

१७ जानेवारी
दिवा नाही. बुरुलला मुद्दाम दाखवला. तिने चाकांकडे पाहिलं. म्हणाली, आता चारही बसलीत. हिला कधी म्हणून आनंद होत नाही.

२७ जानेवारी
लेकीला, मीरिमला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. जावई रशियात बांधकामावर, म्हणून सगळं माझ्यावर. म्हणाल्या, मूल पोटात उलटं बसलंय, पाय खाली. ऑपरेशन करावं लागेल, इथे नको, बिश्केकला न्या, कळा सुरू व्हायची वाट बघू नका. मी म्हटलं, बाई, खिंड माझ्या घरची आहे. डॉक्टरीण म्हणाल्या, मग उद्याच न्या.
उद्या नको, परवा. उद्या गाडी धुवायची आहे.

२९ जानेवारी
रविवारी बकऱ्याचा सामना आहे, घोड्यांवरून बकऱ्याचं धड पळवायचं, आमच्या गावचे घोडे. सोमवारी निघू. मीरिमला अजून बराच वेळ आहे, चेहऱ्यावरून कळतं. बुरुल म्हणाली, तुम्ही दाई कधी झालात? मी चिडलो नाही. संकल्प.
बाजारातून पाळणा आणला. आमच्यात पाळणा आईच्या माहेरचा, नक्षीचा, लाल-हिरवा. बुरुलने कपाळावर हात मारला. पोटातल्या लेकरासाठी आधी काही आणू नये, म्हातारी माणसं काय उगीच सांगत होती? टपावर बांधून नेतो म्हटलं, येताना लेकरू त्यातच. काहीही भरवशाने करायला शिकलं पाहिजे.

३१ जानेवारी
सामना हरलो. उद्या निघायचं. संध्याकाळी दिवा लागला. हा उजवा मागचा म्हणजे हट्टी आहे. पंक्चरवाला दुकान बंद करून सामन्याला गेलेला (बघा, मीच एकटा नाही). पुन्हा तिघांतली सोडली. बटण. विझला.
बुरुल खिडकीतून बघत होती. मग पडदा ओढून घेतला. हळूहळू समजूतदार होतेय.

१ फेब्रुवारी, दुपार, बूमचं खोरं
रस्त्याच्या कडेला बसून लिहितोय. हात गारठलेत.
सकाळी निघायच्या आधीच मीरिमला कळा सुरू झाल्या. खिंड व्यवस्थित पार केली, हे लिहून ठेवतो. कोचकोरला बुरुल म्हणाली, हवा भरा. म्हटलं, आता थांबायला वेळ आहे का? मग सपाट रस्ता, मी जोरात सोडली. मीरिम म्हणाली, बाबा, गाडी डुलतेय. म्हटलं, बाळा, दिवा लागलाय का? नाही ना? मग? ती म्हणाली, रबर जळल्याचा वास येतोय. बुरुल म्हणाली, थांबवा, मी पाया पडते, थांबवा. मी म्हटलं, काही बिघडलं तर गाडी सांगेल.
गाडीने सांगितलं नाही. उजवा मागचा फुटला. चिंध्या झाल्या. नदीत जायचो ते कठड्याने वाचवलं.
स्टेपनी काढली. तिच्यात हवाच नाही. स्टेपनीला दिवा नसतो, मला काय माहीत!
फोनला रेंज नाही. कोणी थांबेना. शेवटी घोडे नेणारा एक ट्रक थांबला. मीरिमला केबिनमध्ये चढवताना ती माझ्या हाताला धरत नव्हती. ड्रायव्हरच्या हाताला धरून चढली. बुरुल तिच्यामागे. मागे बालिकची गावात उतरवून तिथून अँब्युलन्स करणार. मी गाडीपाशी थांबलो. गाडी टाकून कसं जाणार? कोणीतरी थांबायला हवं होतं.
रस्त्यावर दगड असणार. तीक्ष्ण दगड. नक्की.

२ फेब्रुवारी
बिश्केक. रात्री एका ट्रकवाल्याने स्टेपनीत हवा भरून दिली, तिच्यावर आलो. प्रसूतीच्या दवाखान्यात कोणालाच आत सोडत नाहीत. बुरुल तिच्या बहिणीकडे उतरलीय. फाटकाशी भेटली. माझ्याकडे न बघता सांगितलं.
मुलगा होता. पाय अँब्युलन्समध्येच आले. डोकं अडकलं.
ती म्हणाली, केस होते. काळे. भरपूर.
मग म्हणाली, घरी जा.

३ फेब्रुवारी
आमच्यात बाप्ये खिडकीखाली उभे राहतात. वरून बाळ दाखवतात, खालून माणसं ओरडतात, हसतात, रडतात. मी मीरिमच्या खिडकीखाली उभा राहिलो. पडदा हलला नाही. शेजारी उभ्या असलेल्याच्या नातीसाठी टाळ्या वाजवल्या, तो माझं तोंड बघत राहिला.
जावयाला फोन केला. दगडाचं सांगितलं. तो म्हणाला, मीरिमने मला हवेचं सांगितलंय. मी फोन ठेवला. त्यानेच ठेवला.

४ फेब्रुवारी
नवा टायर टाकला. थोडं पुढे गेलो तर दिवा. टायर नवा, तरी दिवा! परत येऊन पंक्चरवाल्यावर ओरडलो. तो म्हणाला, दादा, एकच चाक बरोबर आहे, बाकी तिन्ही कमी आहेत, कोणी सोडली एवढी?
फुटपाथवर बसलो. लेकरू माझं. माझ्या लेकीचं. मी मारलं. त्या शेजारी उभ्या असलेल्याच्या नातीची पावलं खिडकीला लावली होती, एवढीशी.
तिन्ही भरून घेतली.

६ फेब्रुवारी, सकाळ
आज मीरिमला सोडणार. चारही टायर स्वतः तपासले, वाकून, हाताने. स्टेपनीपण. बटण दाबलं ते सगळं बरोबर असताना, पहिल्यांदाच. मागच्या सीटवर गादी घातली. सावकाश चालवणार. काही बोलणार नाही. ती म्हणेल तिथे थांबणार. टपावरचा पाळणा उतरवायचा होता, पण दोरीची गाठ बर्फाने आवळलीय, सुटेना. त्यावर ब्लँकेट टाकलं.

६ फेब्रुवारी, नंतर
फाटकावरची बाई म्हणाली, त्या मायलेकी तर केव्हाच गेल्या. नारिनच्याच एका टॅक्सीत. म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या, असानकुल का काय ते. मी म्हटलं, त्यांना सांगितलं होतं मी येणार म्हणून. ती म्हणाली, माहीत होतं त्यांना. पण तुमची पोर मोठी चिकित्सक हो, एवढ्या अशक्तपणात गाडीभोवती फिरली, एकेका टायरवर पाय दाबून बघितला, मगच बसली.
गाडीत बसलोय. सुरू केली. दिवा लागलेला नाही. घाट चढायच्या आधी कोणाची तरी मदत मागून पाळणा उतरवून घ्यायला हवा.